खेळाच्या धंद्यात शिरायचंय? आधी पैसे कोण देतं ते बघ

गडहिंग्लजच्या एका मुलीनं विचारलंय. वय तेवीस, बी.कॉम. झालेली, विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळलेली, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून खेळ बंद. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "सर, मला खेळातच राहायचंय, पण आता खेळाडू म्हणून नाही. मुंबईत स्पोर्ट्स मॅनेजमेंटचा एक वर्षाचा कोर्स आहे, फी सहा लाख. कर्ज काढून करू का? की कोल्हापुरातच काही सुरू करू? टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं भाड्याचं मैदान, काढूया असं एक मैत्रीण म्हणते. बाबांचं किराणा दुकान आहे. ते म्हणतात, खेळून कुणाचं पोट भरलंय?"

कर्ज काढू नकोस. निदान यंदा तरी नको. टर्फही काढू नकोस. का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

मी १९९८ साली यात शिरलो तेव्हा याला कुणी धंदा म्हणत नव्हतं. कोल्हापुरात मिरजकर तिकटीजवळ खेळाच्या साहित्याचं एक दुकान होतं, तिथं रॅकेटला गटिंग करायचं, फुटबॉलचे ब्लॅडर बदलायचे आणि कॅरमची पावडर पुड्यांत भरायची, हे माझं काम. पुढं स्पर्धांना साहित्य पुरवलं, मग स्पर्धाच भरवायला लागलो, जर्सीचा धंदा केला, बुडवला, परत उभा केला. गेली बारा-तेरा वर्षं प्रायोजक आणि संयोजक यांच्या मधला माणूस म्हणून माझं घर चालतंय. एवढ्या उठाठेवीतनं एकच प्रश्न हाताला लागला: पैसे कोण देतंय, आणि कशाच्या बदल्यात? खेळावर जीव टाकणारे कोल्हापुरात पायलीचे पन्नास आहेत. या प्रश्नाचं उत्तर देऊ शकणारे मात्र बोटांवर मोजावेत इतके.

आणि हे उत्तर प्रत्येक खेळाला वेगळं असतं.

कुस्ती घे. गावच्या यात्रेत मैदान भरतं, तिथं सहसा तिकीट नसतं. पैसा येतो वर्गणीतनं, पतसंस्थेकडनं, कारखान्याच्या संचालकाकडनं, मुंबईला स्थायिक झालेल्या गावच्या मंडळींकडनं आणि पुढच्या निवडणुकीला उभं राहण्याच्या तयारीतल्या एखाद्या दादाकडनं. तो पैसा कुस्तीला दिलेला नसतो, गावाच्या इभ्रतीला दिलेला असतो. 'शेजारच्या गावानं नंबर एकच्या कुस्तीला अमुक इनाम ठेवलंय, आपलं त्याच्यापेक्षा वर पाहिजे' हे यात्रा समितीच्या बैठकीत ठरतं, आणि इनामाचा आकडा ठरल्यावर मग पैलवान कोण आणायचा याची चर्चा होते. तिथं कमावतो कोण? पैलवान आणि जोड ठरवणारा वस्ताद तर आलेच. पण हलगीवाला, ज्याचा आवाज ऐकायला लोक येतात असा निवेदक, आणि हल्ली यूट्यूबवर मैदान थेट दाखवणारी पोरं, हेही कमावतात. चांगल्या निवेदकाची तारीख यात्रेच्या दिवसांत आधीच बुक असते. तो माणूस खेळाच्या धंद्यात आहे, पण त्याला विचारलंस तर तो म्हणेल, "आपली हौस."

फुटबॉलचं गणित निराळं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही आपल्याकडं संघांची नावं कमी आणि आडनावं जास्त. हिवाळ्यात केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग सुरू झाली की पाऊस पडेपर्यंत शाहू स्टेडियम हलत नाही. तिथं प्रेक्षक तिकीट काढतो, म्हणजे गिऱ्हाईक आहे. पण संघ चालवणाऱ्या तालमीचा मोठा खर्च त्या तिकिटातनं निघत नाही. बाहेरनं आणलेल्या खेळाडूंचं मानधन, त्यांची राहण्या-जेवणाची सोय, बूट, किट, फिजिओ, हे सगळं पेठेतली माणसं आणि पाठीशी असलेला नेता उचलतो. म्हणजे इथं ईर्ष्या विकली जाते. ईर्ष्येला बाजारभाव नसतो, म्हणून ती कधी वाट्टेल तितकी देते आणि कधी हात आखडून घेते. नेता पडला की संघाचा खुराक कमी होतो, हे मी दोनदा डोळ्यांनी बघितलंय.

नेमबाजीत पैसा पालकांचा. २०१० साली तेजस्विनी सावंतनं म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवलं, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं, आणि २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये ऑलिंपिकचं कांस्य. प्रत्येक वेळी इथल्या रेंजवर चौकशीला येणाऱ्या आई-बापांची रांग वाढली. दहा मीटर एअर रायफलची रेंज एखाद्या हॉलमध्येही बसते, म्हणून ती काढणं जमण्यासारखं असतं. पण स्पर्धेची परदेशी रायफल दोन-तीन लाखांच्या घरात जाते, आणि सगळ्याच पालकांना ती परवडत नाही. तिथं ज्यानं रायफल तासावर वापरायला देण्याची शिस्त बसवली, दुरुस्ती शिकून घेतली, जॅकेट-पँटचं माप नीट घ्यायला शिकला, त्याचं चालतं. लेन आखून बोर्ड लावला आणि पोरांची वाट बघत बसला, त्याचं दोन वर्षांत गुंडाळलं जातं.

मॅरेथॉन, सायकलिंग, ट्रेकमध्ये पैसा भाग घेणाऱ्याचा. तो स्वतः प्रवेश फी भरतो, टी-शर्ट आणि पदक घेऊन जातो, फोटो टाकतो. व्यवहार म्हणून हा मला सगळ्यात स्वच्छ वाटतो, कारण गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि पैसे आधी येतात.

आता कोर्सकडं येतो. कोर्स वाईट नसतात. करार कसा वाचायचा, हक्क म्हणजे काय, आकड्यांची मांडणी कशी करायची हे तिथं शिकवतात, आणि मुख्य म्हणजे पंधरा-वीस कामाच्या ओळखी मिळतात. पण तू आत्ता गेलीस तर तुझ्याकडं विचारायला प्रश्नच नसतील. दोन सीझन काम करून गेलीस तर वर्गात मास्तरला सोडणार नाहीस. शिवाय कोर्स संपल्यावर सहा लाखांच्या कर्जाचा हप्ता मानेवर असेल तर तू मिळेल ती नोकरी धरशील, आणि ती बहुतेक कुठल्यातरी ॲपच्या कॉल सेंटरमध्ये असेल. हे माझ्या ओळखीच्या दोघांचं झालंय.

प्रशिक्षक व्हायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथं कागद लागतोच. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून आहे, तिचा कोचिंगचा डिप्लोमा अजूनही सगळीकडं चालतो. फुटबॉलमध्ये महासंघाचे परवाने पायरी-पायरीनं करावे लागतात. शाळेत जायचं तर बी.पी.एड. फिजिओ व्हायचं तर बारावीपासूनच ती वाट धरावी लागते, तुझी ती वेळ गेली. आणि सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण म्हणशील तर ते पात्र स्पर्धेचं प्रमाणपत्र असलेल्यांसाठी. तुझं प्रमाणपत्र त्यात बसतं का हे क्रीडा कार्यालयात जाऊन एकदा पडताळून घे, सोडू नकोस. आपला वीरधवल खाडे बीजिंग ऑलिंपिकला पोहला आणि तहसीलदार झाला, स्वप्नील रेल्वेत टीसी होता. पण ती खेळाडूची वाट. तू विचारतेयस ती खेळाभोवतीच्या धंद्याची, तिला कोटा नाही.

मग सुरुवात कुठनं करायची? सामन्याच्या दिवसापासून. एखाद्या स्पर्धेच्या संयोजकाकडं जा आणि सांग, मी फुकट येते, पण मला तिकीट खिडकी किंवा खेळाडू नोंदणी द्या. स्टेजवर गुच्छ द्यायचं काम घेऊ नकोस. मुलगी म्हटल्यावर तुला तेच देतील, ताट धरून उभं राहायचं. सरळ नाही म्हण.

सामन्याचा दिवस म्हणजे काय ते बाहेरून कळत नाही. पोलीस परवानगीचा अर्ज कुणाकडं, बंदोबस्ताचं पत्र कधी द्यायचं, रुग्णवाहिका सामना सुरू व्हायच्या आधी आली पाहिजे की नंतर आली तरी चालेल (आधीच), स्पीकर रात्री दहाला बंद म्हणजे बंद, तर मग बक्षीस समारंभ किती वाजता आटपायचा, पाहुणे तासभर उशिरा आले तर काय करायचं. पाहुणे उशिरा येतातच. मी तर कार्यक्रमपत्रिकेत पाहुण्यांसाठी छापलेली वेळ आणि खरी वेळ यांत पाऊण तासाचं अंतर ठेवतो, आणि हे पाहुण्यांनाही ठाऊक असतं. पाण्याच्या जारचा हिशेब, पंचांच्या मानधनाची पाकिटं, स्कोअरशीटवर दोन्ही कप्तानांच्या सह्या, फाटलेली जाळी बांधायला सुतळी. सुतळी आणि कात्री माझ्या पिशवीत आजही असते. हसू नकोस, एका उपांत्य सामन्याला जाळीच्या भोकातनं बॉल बाहेर गेला, गोल झाला की नाही यावर अर्धा तास सामना थांबला आणि गॅलरीत खुर्च्या उडाल्या.

कुस्तीचं खासबाग मैदान तू बघितलं असशील. शाहू महाराज १९०२ साली इंग्लंडला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचं जुनं मैदान बघितलं, आणि १९१२ साली आपल्याकडं खासबाग उभं राहिलं. पुढच्या वेळी गेलीस की आखाड्याजवळ बसू नकोस, सगळ्यात वरच्या, शेवटच्या ओळीत जाऊन बस. तिथनंही आखाडा पूर्ण दिसतो, कुणाचं डोकं मधे येत नाही. ज्यानं ते बांधून घेतलं त्यानं शेवटच्या ओळीतल्या माणसाचा विचार पहिला केला. आजच्या स्पर्धांत आपण सोफे मांडतो ते नेमके मैदान आणि जनता यांच्या मधोमध.

दिसण्यावरून आठवलं. २००३ सालची गोष्ट. एका फुटबॉल स्पर्धेसाठी मी आयुष्यातला पहिला प्रायोजक आणला होता, सिमेंट-सळीचा व्यापारी, अकरा हजार रुपये. त्या काळी माझ्यासाठी ते लाखासारखे. बोर्ड छान रंगवला, गोलच्या मागं लावला. अंतिम सामन्याला ते गृहस्थ बायको-मुलांना घेऊन आले. मी त्यांना हौसेनं पुढं नेलं.

"आमचा बोर्ड कुठाय?"

"त्यो काय, गोलमागं."

त्यांनी बघितलं. गोलमागं पोरं तीन-तीन रांगा करून उभी होती, काही तर बोर्डाच्याच चौकटीवर चढून बसली होती.

"मला तर नुसती डोकी दिसायलीत," ते म्हणाले. बायको हसली. त्यांनी पैसे परत मागितले नाहीत, चहासुद्धा पाजला. पण त्यानंतर मी त्यांच्या दुकानात चार वेळा गेलो आणि चारही वेळा ते हिशेबात गुंतलेले होते.

पुढच्या वर्षी मी कॅमेरा उसना आणला. सामना सुरू व्हायच्या आधी, पहिल्या हाफमध्ये आणि गोल झाल्यावर, अशा तीन वेळी प्रत्येक बोर्डचा फोटो काढला. वर्तमानपत्रात आलेल्या फोटोंत कुणाचा बोर्ड दिसतोय ती कात्रणं काढली. किती तिकिटं गेली तो आकडा खरा लिहिला. हे सगळं एका साध्या फाइलमध्ये लावून स्पर्धा संपल्यावर आठ दिवसांत प्रत्येक प्रायोजकाच्या हातात दिलं. एका चप्पल दुकानदारानं ती फाइल उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाला, "आजपर्यंत पैसे न्यायला सगळे आले, सांगायला कोणच आलं नाही." तो अजून माझ्याकडं आहे. आता फाइलच्या जागी मोबाइलवरचा पीडीएफ आणि व्हिडिओचे व्ह्यूज आलेत, बाकी काही बदललेलं नाही.

वर्गणी आणि प्रायोजकत्व यातला फरक इथं आहे. वर्गणी तोंड बघून मिळते. ती एकदा मिळते, फार तर दोनदा. प्रायोजकाला काहीतरी हवं असतं, आणि ते काय हवंय हे तोही नीट सांगत नाही. बँकेला खाती हवी असतात, तर तिला बोर्ड नको, नोंदणीच्या टेबलाशेजारी एक टेबल दे. बांधकामवाल्याला चांगल्या घरातली शंभर माणसं हवी असतात, तर त्याला मॅरेथॉन दे, कुस्तीचं मैदान देऊ नकोस. दुधाच्या संघाला गावं हवी असतात, त्याला मैदानच दे. हे जुळवणं हाच धंदा आहे. 'आमच्या स्पर्धेला सहकार्य करावे ही विनंती' असलं पत्र घेऊन शंभर दारं फिरण्यापेक्षा सहा दारांचा नीट अभ्यास करून जा.

आणि एक, सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी. गोकुळ शिरगाव, शिरोली, कागलच्या एमआयडीसीत गेलं की प्रत्येक जण म्हणतो, "त्यांचा सीएसआर असेल की." कायदा असा आहे: ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामाला द्यावे लागतात. त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण आहे. शब्द बघ: प्रशिक्षण. तुझ्या स्पर्धेत त्यांच्या मालाची जाहिरात करून ते पैसे सीएसआरमध्ये दाखवता येत नाहीत, नियमात ते स्पष्ट वगळलंय. आणि पैसे घेणारी संस्था नोंदणीकृत, आयकराच्या १२-ए, ८०-जी नोंदण्या असलेली आणि सीएसआर-१ फॉर्म भरलेली लागते. म्हणजे तुझ्या नावानं चेक निघणार नाही. पण गावातली एखादी जुनी क्रीडा संस्था बघ, जिची कागदपत्रं कपाटात पिवळी पडलीत आणि ऑडिट राहिलंय. तू बी.कॉम. आहेस. ते ऑडिट पुरं करून, नोंदण्या करून, मुलींच्या फुटबॉल प्रशिक्षणाचा तीन वर्षांचा नीट प्रस्ताव लिहून दिलास, तर त्या संस्थेत तुझी जागा कुणी हलवू शकणार नाही. हे काम करायला माणसं मिळत नाहीत. खेळ कळणाऱ्यांना ताळेबंद वाचता येत नाही, आणि ताळेबंद वाचणारे सीए मैदानावर येत नाहीत.

टर्फचं म्हणतेस तर कागद-पेन्सिल घे. संध्याकाळी सहा ते अकरा हे पाच तासच विकले जातात. दुपारी पोरं फुकटात मैदानावर खेळतात. तासाला ८०० धर. पाच तास, तीस दिवस, झाले १ लाख २० हजार. हा आकडा बघून सगळे पाघळतात. पण सगळे तास कधीच जात नाहीत. साठ टक्के गेले तर ७२ हजार. त्यातनं जागेचं भाडं, दिव्यांचं बिल, राखणदार, जाळी, आणि कर्जाचा हप्ता. जूनपासून पुढं आपल्याकडचा पाऊस. वरनं त्याच रस्त्यावर सहा महिन्यांत दुसरं टर्फ निघतं आणि तो सहाशेनं द्यायला लागतो. जागा नदीच्या बाजूला स्वस्त मिळाली तर पुराची निळी रेषा, लाल रेषा कुठनं जाते ते आधी बघ. २०१९ आणि २०२१ च्या पुरात काय झालं ते तुला सांगायला नको. पुराचं पाणी ओसरल्यावर गवताच्या गालिच्याखाली बसलेला गाळ काढणं म्हणजे टर्फ नव्यानं घालणं. ज्यांची स्वतःची जागा आहे आणि शेजारी कॉलेज आहे, त्यांचं टर्फ चालतं. तुमची जागा आहे का?

जर्सी आणि साहित्याच्या धंद्यात भांडवल कमी लागतं, पण त्याला उधारीची कीड आहे. कापडाला इचलकरंजी हाकेच्या अंतरावर, साहित्य जालंधर-मेरठहून येतं, छपाई आता इथंच होते. माझा धंदा बुडाला तो दोन गोष्टींनी. एक, एका संघात पाच पाटील होते. ऑर्डर देणाऱ्यानं फोनवर सांगितलं, मी लिहून घेतलं, आणि पाचही जर्सींवर नुसतं 'पाटील' छापून आलं. आद्याक्षरं राहिली. सामना दुसऱ्या दिवशी. त्यांनी जर्सी घातल्या, पण पैसे दिले नाहीत, आणि चूक माझी होती म्हणून मला मागताही येईनात. तेव्हापासून छापायला जायच्या आधी डिझाइनच्या फोटोवर 'ओके' असा मेसेज आल्याशिवाय मशीन चालू होत नाही. दुसरी गोष्ट, 'स्पर्धा झाली की देतो'. स्पर्धा हरल्यावर जर्सीचे पैसे द्यायची इच्छा कुणाला असते? आता निम्मे पैसे ऑर्डरला, निम्मे माल देताना. काही गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत.

एक वेगळी वाट सांगतो, जिकडं कुणी बघत नाही. आपल्या फौंड्र्या जगाला सुटे भाग ओतून देतात, आणि जिमच्या वजनाच्या प्लेटा मात्र आपण बाहेरनं मागवतो. एखाद्या फौंड्रीवाल्याशी बोलून बघ. माझं वय झालं, नाहीतर मीच केलं असतं.

अकॅडमी काढायची असेल तर तिथं एक गोष्ट ढिली सोडू नकोस. मुलींच्या बॅचला बाई प्रशिक्षक किंवा मदतनीस हवी, स्वच्छतागृहाला आतून चालणारी कडी हवी, बाहेरगावी स्पर्धेला जाताना पालकांची लेखी संमती आणि सोबत एक पालक हवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा आहे, तो संयोजकालाही लागू होतो. कळलेली गोष्ट लपवली तर लपवणाराही अडकतो. मुलींच्या स्पर्धा आपल्याकडं वाढतायत, पण कपडे बदलायला खोली कुठाय असं विचारलं तर संयोजक एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. तू खेळलीयस, तुला हे मला सांगायला नको. मुलींची स्पर्धा नीट भरवणारी संयोजक अशी तुझी ओळख झाली, तर गडहिंग्लजपासून सांगलीपर्यंत तुला बोलावतील. गडहिंग्लजला फुटबॉलचं वेड आधीच आहे, तुला शून्यातनं उभं करायचं नाही.

खेळाडूंचा एजंट व्हायचा मोह होईल. ओळखी आहेत, फोन नंबर आहेत, दहा टक्के घेऊ, असं वाटतं. फुटबॉलमध्ये फिफानं २०२३ पासून एजंटांना परीक्षा आणि परवाना सक्तीचा केलाय. परदेशी खेळाडू आणायचा तर व्हिसा कोणत्या कामाचा आहे तेही बघावं लागतं. गावठी मध्यस्थी करून पोराला परराज्यातल्या क्लबात पाठवायचं आणि तो तिथं दोन महिने बिनपगारी अडकला की त्याच्या आईचा फोन तुला येणार. मला आलाय. एजंटगिरी सगळ्यात शेवटी.

जुगाराच्या पैशापासून मात्र पहिल्या दिवसापासून लांब राहा. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्रानं कायदा करून बंदी आणली, आणि भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवरचं ड्रीम११ चं नाव रातोरात गेलं. त्यांना दुसरा प्रायोजक मिळाला. तुझ्या तालुक्याच्या स्पर्धेला मिळणार नाही. एकाच थैलीवर स्पर्धा उभी करायची नाही, मग ती थैली ॲपची असो, नेत्याची असो.

आता पुण्या-मुंबईचं. जा, पण कामाला जा. प्रो कबड्डी आणि फुटबॉलची आयएसएल दोन्ही २०१४ ला सुरू झाल्या, क्रिकेटची महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ ला, त्यात कोल्हापूर टस्कर्स आपल्या नावाचा संघ. या लीगना सीझनपुरती माणसं लागतात: संघाची ने-आण, हॉटेल, सरावाची जागा, पास वाटप, प्रायोजकांच्या जाहिरातींच्या शूटिंगला खेळाडू वेळेवर बसवणं. तीन-चार महिन्यांचं कंत्राट, पैसे बेताचे, झोप नाही. बायोडेटात 'खेळाची आवड' लिहिणारे हजार येतात. 'अमुक स्पर्धेत अमुक इतक्या खेळाडूंची नोंदणी आणि तिकिटांचा हिशेब सांभाळला, रोख आणि नोंद यात फरक शून्य' असं लिहिणारी एक आली तर तिला फोन जातो. म्हणून इथले दोन सीझन म्हणतोय.

क्रम म्हणशील तर मी असा धरीन. या हिवाळ्यात दोन स्पर्धांत फुकट काम, त्यातली एक कोल्हापुरातली, एक गडहिंग्लजची. प्रत्येक दिवसाचा जमाखर्च स्वतःच्या वहीत, संयोजकानं मागितला नाही तरी. उन्हाळ्यात एक छोटी स्पर्धा स्वतःची: मुलींची, सात-सात खेळाडूंची, एक दिवसाची, आठ संघ, दोन प्रायोजक. नफा झाला नाही तरी चालेल, पण कुणाचं देणं राहता कामा नये. मांडववाल्याचे पैसे त्याच संध्याकाळी दे. संयोजकाची कुंडली या शहरात मांडववाला आणि साउंडवाला सांगतात. पुढच्या वर्षी लीगच्या कंत्राटासाठी अर्ज. तिसऱ्या वर्षी वाटलंच तर तो कोर्स, आणि तेव्हा फी तुझ्या खात्यातनं.

बाबांच्या प्रश्नावर येतो. ते खोटं बोलत नाहीत. खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकीला पाठवायला पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार उभे केले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक असं मिळालं. खर्डीकर सरांनी बोर्ड कुठं लावणार असं विचारलं नव्हतं. पण प्रत्येक पोरामागं घर गहाण टाकणारा माणूस मिळत नाही, आणि तो मिळण्यावर धंदा चालत नाही, हे बाबांना बरोबर कळलंय. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांच्या दुकानाची उधारीची वही मागून घे आणि महिनाभर वसुलीला तू जा. कोणाला दारात उभं राहून मागायचं, कोणाला फोन करायचा, कोणाच्या घरी लग्न आहे म्हणून पंधरा दिवस थांबायचं, आणि न भांडता, न लाजता पैसे घेऊन पायऱ्या कशा उतरायच्या, हे सहा लाखांच्या कोर्समध्ये नाही. महिन्यानं किती वसूल झाले तो आकडा मला कळव. डिसेंबरात मला तिकीट खिडकीवर एक माणूस लागणार आहे.